मुक्त ज्ञानाची दुसरी बाजू

२००२ साली बुडापेस्ट येथून निघालेले संशोधनाच्या मुक्त प्रकाशनाचे निवेदन मी पुन्हा वाचले. श्रीमंतांचे ज्ञान गरिबांपर्यंत आणि गरिबांचे श्रीमंतांपर्यंत जावे, अशी त्याची प्रतिज्ञा आहे. पहिली अर्धी मला पटते. घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. माझ्या प्रबंधाचे बरेच वाचन अशा विनामूल्य लेखांवरच झाले.

दुसरी अर्धी मात्र निवेदनातच लंगडी आहे. प्रकाशनाचा खर्च भागवण्याच्या वाटा सांगताना तेथे खुद्द संशोधकांच्या वर्गणीचाही उल्लेख येतो. पुढे ती फटच दरवाजा झाली. ‘नेचर’ने २०२१ पासून लेख खुला करण्यासाठी ९,५०० युरो मागितले, म्हणजे आठ लाख रुपयांच्या वर. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या पोरांनी ते कोठून आणावेत? शुल्कमाफी असते, पण बहुधा देशाचे उत्पन्न पाहून. त्या देशातली जात कोण पाहतो? आमच्यावर लिहिलेले आम्ही फुकट वाचायचे, लिहिणारे पूर्वीचेच.

लेखकाकडून पैसा न घेणारी नियतकालिकेही आहेत. माझा लेख अशाच एकात आला. पदोन्नतीच्या मुलाखतीत त्याचे नाव कोणी ऐकलेले नव्हते.