पाच वाजता नाक्यावर कोण उरतं?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दिनार रोजाने मजूर ठरवतो. मग दिवसभर पुन्हा पुन्हा जाऊन आणखी मजूर आणतो, थेट संध्याकाळी पाचपर्यंत. हिशेबाच्या वेळी शेवटच्यांनाही पूर्ण दिनार मिळतो आणि सकाळपासून उन्हात राबलेले चिडतात.

प्रवचनात हा दाखला बहुधा देवाच्या कृपेबद्दल असतो. जॉन रस्किनने त्यात अर्थशास्त्र पाहिलं. 1860 मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये त्याचे निबंध आले, तेव्हा वाचक इतके भडकले की चार निबंधांवर लेखमाला आटोपली. 1862 मध्ये त्यांचं पुस्तक झालं, ‘अन्टु धिस लास्ट’. गांधींनी ते 1904 मध्ये जोहान्सबर्ग-डर्बन प्रवासात वाचलं आणि 1908 मध्ये ‘सर्वोदय’ नावाने गुजरातीत उतरवलं.

एवढा मान मिळालेल्या पुस्तकातली एक फट मात्र सहसा कुणी दाखवत नाही. रस्किन म्हणतो, आजारी पडल्यावर आपण स्वस्तातला डॉक्टर शोधत नाही. मग मजुराशीच घासाघीस का? दर एकच ठेवा. चांगल्या कारागिराला काम मिळेल, वाईटाला मिळणार नाही. यात कमी पैशांत राबायला तयार असलेल्याला पुढे करून इतरांची मजुरी पाडता येत नाही, हे खरं. पण ज्याला कुणी निवडलं नाही, त्याचं काय? दाखल्यातले शेवटचे मजूर आळशी नाहीत. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, असं ते सांगतात. पुस्तकाला ज्यांच्यावरून नाव मिळालं, तेच पहिल्या निबंधात नाक्यावर उरतात. रस्किनला ते आठवतात प्रस्तावनेत. तिथे तो बेकारांसाठी सरकारी काम आणि ठरलेली मजुरी सुचवतो. खरं तर ही सूचना पुस्तकाच्या मधोमध हवी होती.

दाखल्यातही एक अडचण आहे. मालक चिडलेल्यांना दोन उत्तरं देतो : एका दिनारावर तुम्हीच कबूल झाला होता, आणि माझ्या पैशाचं मी हवं ते करीन. आज दोन्ही उत्तरं उदार मालकापेक्षा कंजूष मालकाच्याच जास्त कामाची आहेत. पहिल्या उत्तराला 1891 मध्ये पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात छेद दिला. मजूर कबूल झाला एवढ्याने मजुरी न्याय्य होत नाही. त्यातून त्याचं पोट भरलं पाहिजे. गरजेपोटी दिलेला होकार त्यांनी अन्यायातच धरला.

दिनार म्हणजे तेव्हाचा साधारण एका दिवसाचा रोज. एक तास राबलेल्यालाही तो पूर्ण मिळाला, कारण भूक तासांवर मोजली जात नाही. ऑर्डरची वाट पाहत रस्त्याकडेला थांबलेल्या डिलिव्हरीवाल्याला बहुतेक वेळा त्या थांबण्याचे पैसे मिळत नाहीत. दाखल्यातल्या मालकाने नाक्यावर वाट पाहण्यात गेलेला वेळही हिशेबात धरला. पण ती त्याची मर्जी होती. ती मजुराचा हक्क कशी होईल, हे रस्किनने प्रस्तावनेत विचारलं आणि पुढे निबंधांत अर्धवट सोडलं.