होय, नाही आणि कधीच नाही : एका चर्चाफलकाच्या नव्या आवृत्तीचे वाचन

संगणकप्रणालीची नवी आवृत्ती आली की तिच्यासोबत नव्या सुविधांची एक यादी येते. ती यादी साहित्य म्हणून कोणी वाचत नाही, आणि लिहिणाऱ्याचीही तशी अपेक्षा नसते. तरीही गेली काही वर्षे मी अशा एका यादीकडे पुन्हा पुन्हा वळते आहे. ती आहे ‘पीएचपीबीबी’ या चर्चाफलक चालवणाऱ्या मोफत प्रणालीच्या ३.० या आवृत्तीची. ही आवृत्ती १३ डिसेंबर २००७ रोजी आली आणि तिचे टोपणनाव होते ‘ऑलिंपस’. चार माणसांनी एकत्र येऊन कसे बोलावे, कोणी कोणाला थांबवावे आणि बोललेले किती काळ टिकावे, याविषयीची ठाम मते या यादीत आहेत. ती मते सुविधांच्या वेषात आल्यामुळे कोणी त्यांच्याशी वाद घालत नाही. तो वाद मी येथे घालणार आहे. त्याला एक खाजगी कारणही आहे, ते पुढे येईल.

२००४ पासून सुमारे अकरा वर्षे मी एका लहानशा वाचकगटाचा फलक चालवत होते. महाविद्यालयात मराठी शिकवणे हा माझा व्यवसाय, संगणक ही गरजेपुरती शिकलेली गोष्ट. तेव्हा आम्ही २.० ही आवृत्ती वापरत असू. ती एप्रिल २००२ मध्ये आली होती.

थोडे मागे जायला हवे. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघांनी शिकागोत फेब्रुवारी १९७८ मध्ये पहिला संगणकीय सूचनाफलक सुरू केला. त्यांच्यासमोर नमुना होता तो भिंतीवरच्या बुचाच्या फळीचा, जिच्यावर चिठ्ठी टाचणीने लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचायची. टेलिफोनची तार एकच, त्यामुळे एका वेळी एकालाच आत येता येई. अशा फलकावर शिस्तीचा प्रश्न जवळजवळ नव्हताच. तीस वर्षांनंतरच्या ऑलिंपसची यादी वाचताना हे अंतर सतत जाणवते. तिच्यातल्या बहुतेक सुविधा बोलण्यासाठी नाहीत. बोलणाऱ्यांना आवरण्यासाठी आहेत.

याला कारण होते. डिसेंबर २००४ मध्ये ‘सँटी’ नावाच्या किड्याने २.० मधली एक फट शोधली. तो गूगलवर शोध घेऊन असे फलक हुडकी आणि त्यांची पाने पुसून आपला मजकूर लिही. हजारो फलक त्यात गेले. जाहिरातबाजांचे यांत्रिक सभासद तर रोजचेच झाले होते. नवी आवृत्ती आधी २.२ म्हणून ओळखली जायची होती. बदल इतके वाढले की तिला ३.० म्हणावे लागले. ज्या घरात चोरी झाली आहे, त्या घराने नंतर बसवलेल्या कड्या-कुलपांचे वर्णन म्हणून ही यादी वाचली तर तिचा स्वर कळतो.

पण तिच्यातली पहिली मोठी गोष्ट कुलपाची नव्हे, दाराची आहे. ३.० ने सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये ठेवायला सुरुवात केली. इंग्रजी वाचकाला या ओळीत विशेष काही वाटणार नाही. आमची गोष्ट वेगळी होती. लॅटिन अक्षरसंचावर बसवलेल्या जुन्या फलकात देवनागरी टाइप केले की ब्राउझर प्रत्येक अक्षराचा आकडा करून पाठवी. ‘म’ हे एक अक्षर ‘&#२३५०;’ अशा सात चिन्हांचे होऊन साठवले जाई (आकडे अर्थात इंग्रजी). काना, मात्रा, वेलांटी यांची प्रत्येकी आणखी सात. पडद्यावर ‘म’च दिसे, पण बॅकअपची फाइल उघडली तर आमच्या कथाचर्चा म्हणजे आकड्यांचे रकानेच्या रकाने. जिथे लांबीची मर्यादा असे तिथे आमची भाषा इंग्रजीपेक्षा सातपट लवकर संपे. २००८ मध्ये फलक नव्या आवृत्तीवर नेल्यावर मी पुन्हा ती फाइल उघडली आणि तिच्यात मराठी दिसली. या एका ओळीसाठी मी ऑलिंपसच्या कर्त्यांची ऋणी आहे. टीका करताना हे ऋण विसरणे अप्रामाणिकपणाचे होईल.

आता कुलपांकडे येते. परवानगीच्या नव्या व्यवस्थेत प्रत्येक हक्कापुढे तीन पर्याय आहेत : होय, नाही आणि कधीच नाही. ‘नाही’ म्हणजे आत्ता दिलेले नाही. सभासद दुसऱ्या एखाद्या गटात असेल आणि त्या गटाला ‘होय’ असेल, तर हक्क मिळतो. ‘कधीच नाही’ मात्र सगळ्या ‘होय’वर मात करते. व्याकरणाच्या दृष्टीने ही मला फार अचूक रचना वाटते. आपल्या बोलण्यातही ‘नाही’मध्ये थोडी फट असते; आई ‘नाही’ म्हणाली तरी आजीकडे जाता येते. त्या फटीला प्रणालीने नाव दिले आणि ती बुजवण्याचे हत्यारही दिले. या सगळ्याच्या वर ‘संस्थापक’ हा एक दर्जा आहे. इतर प्रशासक त्याला हात लावू शकत नाहीत. आमच्या फलकावर संस्थापक मी होते.

दुसरी सुविधा मित्र आणि शत्रूंची. एखाद्याला शत्रूंच्या यादीत टाकले की त्याचा मजकूर मिटलेला दिसतो. हवा तर उघडून वाचता येतो. ही तोंड फिरवण्याची सोय सभ्य आहे. पण नियामक आणि प्रशासक यांना शत्रू करता येत नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचे म्हणणे प्रत्येकाने ऐकलेच पाहिजे, हे राजकीय विधान त्या छोट्याशा अपवादात आहे.

तिसरी सुविधा तक्रारीची. कोणत्याही मजकुराविरुद्ध नियामकाकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी प्रणाली चार तयार कारणे देते : चोरीचे सॉफ्टवेअर, जाहिरात, विषयांतर आणि इतर. यादी प्रशासकाला बदलता येते. मी ती बदलली नाही, कारण मला ती खटकलीच नव्हती. आज खटकते. चोरी आणि जाहिरात यांच्या पंगतीत विषयांतर कसे बसले? तांत्रिक मदतीच्या फलकावर ते ठीक असेल. तिथे प्रश्नाला उत्तर हवे असते. पण आपल्याकडे ओटीवरच्या किंवा पारावरच्या गप्पांत विषय सोडूनच माणसे खरे बोलायला लागतात. एका विशिष्ट कामाच्या जागेचा शिष्टाचार प्रणालीने सगळ्या जागांचा नियम म्हणून दिला आणि मी तो तसाच घेतला.

आता ते खाजगी कारण. २०१० मध्ये आम्ही एका कथेवर चर्चा करत होतो. कथेत गिरणी केवळ पार्श्वभूमीला होती. आमच्यातल्या एका वयस्क सभासदाने, जे स्वतः गिरणीत होते, १९८२ च्या संपाच्या काळातल्या आपल्या घराविषयी लांबलचक लिहिले. कथेचा त्यात उल्लेखही नव्हता. दोघांनी ‘विषयांतर’ म्हणून तक्रार केली. मी मजकूर चाळला आणि काढून टाकला. ३.० मध्ये काढणे म्हणजे नष्ट करणे. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. ते रागावलेले नव्हते. म्हणाले, “बाई, तीन रात्री टाइप करत होतो. प्रत काही ठेवली नाही हो.” बॅकअप रविवारी घेतला जाई, मजकूर सोमवारी आला होता आणि गुरुवारी गेला. नियामकांच्या नोंदवहीत शीर्षक, तारीख आणि काढणारीचे, म्हणजे माझे, नाव तेवढे राहिले. त्यांनी ते पुन्हा लिहिले नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.१ ही आवृत्ती आली. तिच्यात काढलेला मजकूर लपवून ठेवण्याची, कारण नोंदवण्याची आणि परत आणण्याची सोय आहे. माझ्यासारख्या अनेकींचे हात तोवर पोळले असणार. ही सुधारणा मोलाची आहे, पण तिचा रोख पाहावा. लपवलेला मजकूर नियामकाला दिसतो, साध्या वाचकाला दिसत नाही. म्हणजे पश्चात्तापाची सोय झाली ती काढणाऱ्याची. संपादकाचे कात्रण नियतकालिकांनाही नवे नाही. पण हस्तलिखित नाकारल्यावर ते पुरेशी तिकिटे जोडली असतील तर परत करावे, हा संकेत आपल्याकडे दीर्घकाळ पाळला गेला. नाकारण्याचा हक्क संपादकाचा, पण लिहिलेले लेखकाचे, ही जाण त्या तिकिटांत होती.

म्हणून या याद्यांबद्दलचा माझा आक्षेप त्या कडक आहेत हा नाही. सँटीनंतर कडक होणे भाग होते. आक्षेप असा की बाहेरच्या चोरासाठी घडवलेली हत्यारे आतल्या माणसावर चालवताना हाताला काहीच वेगळे लागत नाही. जाहिरात पुसायची कळ आणि संपाची आठवण पुसायची कळ एकच. तो फरक प्रणाली करू शकत नाही, तो मी करायचा होता हे खरे. पण एक गोष्ट तिला सहज करता आली असती : काढलेला मजकूर आपोआप लेखकाच्या निरोपपेटीत पोचवणे. निरोपपेटी होतीच.

२०१५ मध्ये आम्ही फलक बंद केला. शेवटचा बॅकअप माझ्याकडे आहे. उघडला की मराठीत वाचता येतो. त्यात त्या धाग्यावरचे सत्तावीस प्रतिसाद आहेत, सगळे कथेला धरून. ते मी परवा पुन्हा वाचले. त्यातला एकही मला आठवत नव्हता.