पारसचं पाणी आणि उसना प्रश्न

औष्णिक वीज केंद्राजवळच्या पाण्यातले मासे हा विषय पीएचडीसाठी दिसायला एकदम तयार वाटतो. केंद्र पाणी तापवतं, तापलेल्या पाण्यात मासे राहतात, आपण थर्मामीटर आणि जाळं घेऊन जायचं. शीर्षकही लगेच सुचतं: 'अमुक जलाशयातील मत्स्यविविधतेवर उष्ण पाण्याचा परिणाम'. अकोला-अमरावतीकडचे तुम्ही असाल तर 'अमुक'च्या जागी पारस टाकायचा मोह होणारच. या लेखात मी त्या शीर्षकाच्या मागे उभी असलेली दोन पुस्तकं तपासणार आहे. दोन्ही चांगली आहेत. पण वऱ्हाडात ती जशीच्या तशी वापरली की प्रबंध बरोबर येतो आणि प्रश्न चुकतो.

पहिलं पुस्तक १९७४ चं, गिबन्स आणि शारिट्झ यांनी संपादित केलेलं 'थर्मल इकॉलॉजी'. अमेरिकेतल्या एका परिषदेतले निबंध त्यात आहेत. त्या परंपरेतलं गाजलेलं ठिकाण म्हणजे साउथ कॅरोलिनातलं पार पाँड. अणुभट्ट्यांचं पाणी थंड करायला १९५८ मध्ये बांधलेला हा तलाव. गरम पाणी तलावात यायचं, म्हणून एकाच तलावात गरम टोक आणि नेहमीचं टोक अशी तुलना करता यायची. संशोधकाला आणखी काय हवं? प्रश्न आणि जागा एकमेकांना चपखल बसले होते.

आता पारसला या. बाळापूर तालुक्यातलं हे केंद्र मन नदीवरच्या बंधाऱ्यातून पाणी घेतं. आजचे २५० मेगावॉटचे दोन संच २००८ आणि २०१० मधले. ही वर्षं लक्षात ठेवा, कारण पर्यावरण संरक्षण नियमांनुसार १ जून १९९९ नंतर सुरू झालेल्या आणि नदी-तलावाचं पाणी वापरणाऱ्या केंद्राला कूलिंग टॉवर सक्तीचा आहे. टॉवरमध्ये पाणी फिरत राहतं आणि उष्णता वाफेच्या रूपात आकाशात जाते. बाहेर सोडतात ते थोडं 'ब्लोडाउन'चं पाणी, आणि तेही ज्यात सोडायचं त्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम नको, असा नियम.

थोडक्यात, पार पाँडसारखं गरम टोक इथे मुळात नाही. केंद्र माशांना उष्णता देत नाही, त्यांच्याखालचं पाणी काढून घेतं. आणि हे 'थर्मल इकॉलॉजी'च्या चौकटीतून दिसतच नाही, कारण तिथे पाणी भरपूर असणं गृहीत धरलेलं आहे.

हवामानाचंही तसंच. थंड प्रदेशात गरम पाण्याचा फायदाही दिसतो: हिवाळ्यात तलाव गोठत नाही, माशांच्या वाढीचे दिवस वाढतात. आपल्याकडे मे महिन्यात हवा ४५ अंशांपर्यंत जाते. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांना जेमतेम ७. इथे उन्हाळा आधीच माशांना काठावर आणून ठेवतो, आणि नेमकं तेव्हाच पाणी सगळ्यात कमी असतं.

दुसरं पुस्तक घरचं आहे: व्ही. व्ही. सुगुणन यांचं १९९५ चं 'रिझर्व्हायर फिशरीज ऑफ इंडिया', एफएओनं प्रकाशित केलेलं. देशभरातल्या जलाशयांची विखुरलेली माहिती त्यांनी एका जागी आणली, हे काम मोठंच. १,००० हेक्टरपेक्षा कमी ते लहान, ५,००० पर्यंत मध्यम, त्यापुढे मोठे, ही विभागणी आपण सगळे तिथूनच घेतो. आणि सगळ्यात जास्त उचललं जातं ते उत्पादनाचं कोष्टक: लहान जलाशयांत हेक्टरी सरासरी ४९.९ किलो, मध्यममध्ये १२.३, मोठ्यांत ११.४ किलो.

माझी तक्रार सुगुणन यांच्यापेक्षा आपल्या वाचण्याच्या पद्धतीवर जास्त आहे. आपण ४९.९ हा आकडा फूटपट्टीसारखा वापरतो. स्थानिक आकडा त्याहून कमी आला की निष्कर्ष ठरलेला: 'व्यवस्थापन अशास्त्रीय, मच्छीमारांना प्रशिक्षणाची गरज'. पण 'हेक्टरी' म्हणजे कोणत्या महिन्यातला हेक्टर?

समजा, एक तलाव पावसाळ्याअखेर २०० हेक्टर भरतो आणि मेमध्ये ६० हेक्टरांवर येतो. वर्षभरात १० टन मासळी निघाली. पूर्ण क्षेत्रानं भागा, ५० किलो येतात. उन्हाळ्यातल्या क्षेत्रानं भागा, सुमारे १६७ किलो. तलाव तोच, मासे तेच, मच्छीमार तेच. पहिल्या भागाकारात ते जेमतेम पास होतात, दुसऱ्यात राज्याला धडा घालून देतात. जिथे पाणी वर्षभर एवढं हलतं, तिथे छेद न सांगितलेला आकडा निरुपयोगी आहे.

त्याच तलावावर आता केंद्राचा पंप बसवून बघा. डिसेंबर २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेनं टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना दर मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. ५०० मेगावॉट पूर्ण क्षमतेनं चालले तर दिवसाला ४२,००० घनमीटर, म्हणजे ४ कोटी २० लाख लिटर. वरून आवक नसेल तर २०० हेक्टरांवर ही रोजची साधारण २ सेंटिमीटर घट, ६० हेक्टरांवर ७ सेंटिमीटर. पंप तोच, पण उन्हाळ्यात माशांना तो सुमारे ३.३ पट लागतो. काठावरच्या उथळ पाण्यात तिलापियाची घरटी असतात, ती उघडी पडतात. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, म्हणून बोटुकली विकत आणून सोडावी लागते. पाणी आटलं की ती वाढण्याआधीच काढावी लागते किंवा मरते. तो खर्च मच्छीमार सहकारी संस्थेच्या वहीत पडतो, केंद्राच्या ताळेबंदात नाही.

अमरावतीकडे चित्र आणखी वेगळं. नांदगावपेठच्या १,३५० मेगावॉट प्रकल्पाला पाणी येतं ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. मासे एकीकडे, चिमणी दुसरीकडे. 'केंद्राजवळच्या पाण्याचे नमुने' घेणाऱ्याला इथे काहीच सापडणार नाही. पूर्ण क्षमतेला ३.५ च्या हिशेबानं दिवसाला ११ कोटी ३४ लाख लिटर होतात, ते मात्र धरणातूनच जातात.

म्हणून सांगतो, उसना प्रश्न निरुपद्रवी नसतो. तुम्ही दोन वर्षं तापमान मोजलंत आणि 'लक्षणीय फरक नाही' असं लिहिलंत, तर ते खरंच असेल. पण उद्या भोई समाजातली एखादी संस्था पाण्याची किमान पातळी मागायला गेली, तर तुमचाच प्रबंध समोर ठेवला जाईल: बघा, माशांवर परिणाम नाही असं विद्यापीठानंच सांगितलंय. तुम्ही उष्णतेबद्दल बोललात, वाचणाऱ्यानं केंद्राबद्दल वाचलं.

मग काय करायचं? थर्मामीटर फेकू नका, पण आधी पातळी मोजा. लँडसॅटच्या प्रतिमा १९७२ पासून मिळतात, सेंटिनेल-२ च्या २०१५ पासून. त्यातून महिनावार जलक्षेत्र काढा. पारसला २००८ च्या आधीचं आणि नंतरचं क्षेत्र ताडून बघा, मात्र तिथे जुने लहान संच १९६० च्या दशकापासून होते, म्हणून 'आधी' म्हणजे 'केंद्र नव्हतं तेव्हा' असं समजू नका. बंधाऱ्यात कधी काय बदल झाले तेही जलसंपदा विभागाच्या नोंदींत बघा. पाऊस कमी झाल्यानं आटलं की पंपानं, हे वेगळं करायला केंद्र नसलेला, तशाच आकाराचा एखादा सिंचन तलाव जोडीला घ्या. ब्लोडाउनच्या पाण्यात क्षार साठतात, त्यासाठी विद्युतवाहकता मोजा. आणि संस्थेची विक्रीची वही बघायला मागा: कोणत्या महिन्यात किती जाळी लागली, किती किलो निघाले, मरळ किती, रोहू किती. प्रजातींच्या यादीसमोर 'विपुल', 'दुर्मिळ' अशी चिन्हं टाकण्यापेक्षा त्या वहीतलं एक पान जास्त बोलतं.

सुगुणन यांचं पुस्तक जरूर वाचा, गिबन्सही वाचा. रिहंदसारख्या, भोवती अनेक औष्णिक केंद्रं असलेल्या जलाशयावर काम करायचं असेल तर दोन्ही लागतील. पण सारांशाचा पहिला मसुदा लिहायच्या आधी एक काम करा. आपल्या जागेचं पाणी कुठून येतं, कुठे जातं आणि कोणाच्या परवानगीनं, हे एका कागदावर काढा. त्या चित्रात उष्णता कुठेच दिसली नाही, तर शीर्षकातूनही ती काढून टाका.