चक्र म्हणजे चरखा

शाळेत ‘राष्ट्रध्वजातील रंगांचा अर्थ लिहा’ हा प्रश्न आला की मला बरं वाटायचं, गुण हमखास मिळत. केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे शांती, हिरवा म्हणजे समृद्धी, आणि चक्राचे 24 आरे म्हणजे दिवसाचे 24 तास. परवा भाचीच्या वहीत हेच उत्तर जवळपास याच शब्दांत दिसलं, तेव्हा पहिल्यांदा प्रश्न पडला, की हे ठरवलं कोणी?

संविधान सभेने 22 जुलै 1947 रोजी मंजूर केलेला ठराव काढून वाचला. चार-पाच वाक्यांचाच आहे. तीन समान पट्टे, त्यांचे रंग, चक्राचा आकार, 2:3 हे प्रमाण. रंगांच्या अर्थाबद्दल एक अक्षर नाही. अर्थ सांगितला तो त्या दिवशी भाषणात राधाकृष्णन यांनी. त्यांचा हिरवा तर समृद्धीचा नाहीच. तो मातीशी आणि वनस्पतींशी असलेल्या आपल्या नात्याचा आहे. मला तो जास्त पटतो.

अर्थ त्याआधीही बदलले होते. 1921 मध्ये पिंगली वेंकय्यांच्या ध्वजाबद्दल लिहिताना गांधींनी लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा आणि पांढरा इतर धर्मीयांचा, अशी सरळ वाटणी केली होती. त्यावरून कुरबुरी झाल्या, शिखांनी हरकत घेतली. 1931 मध्ये काँग्रेसने लालच्या जागी केशरी आणला, पट्ट्यांचा क्रम बदलला आणि रंगांना धर्म नाही, गुण आहेत, असं जाहीर केलं. आणि 1947 च्या भाषणात नेहरू म्हणाले, की या ध्वजाला मुळात जातीय अर्थ नव्हताच. हे इतिहास म्हणून खरं नाही. पण 1947 च्या त्या जुलैत दुसरं काय बोलणार होते?

म्हणूनच ठरावाचं रंगांबाबतचं मौन मला शहाणपणाचं वाटतं. एकदा अर्थ लिहिला की त्यावर मालकी सांगणारे येतात.

मात्र एका गोष्टीचा अर्थ ठरावाने स्वच्छ लिहून ठेवला आहे, आणि नेमकी तीच वहीत नसते. निळं चक्र हे चरख्याचं प्रतीक आहे, असं तिथे शब्दांत म्हटलंय. घडण तेवढी सारनाथच्या अशोकस्तंभावरची. अख्खा चरखा काढला तर ध्वज दोन्ही बाजूंनी सारखा दिसत नाही, ही नेहरूंनी दिलेली अडचण शुद्ध आरेखनाची होती. गांधींना ती पटली नाही. चरखा नसेल तर त्या ध्वजाला आपण वंदन करणार नाही, असं ते म्हणाले होते. तरी पुढची कित्येक वर्षं एक गोष्ट टिकून होती. चित्रातून चरखा गेला तरी कापडात तो होता, कारण ध्वज हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असायला हवा होता.

30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिएस्टरला आणि यंत्रावर बनवलेल्या ध्वजाला परवानगी मिळाली. ध्वज घरोघरी पोचला, स्वस्त झाला, हे मला मान्य आहे. खादीचा ध्वज सगळ्यांना परवडत नव्हताच. पण ठरावातला एकमेव लिहिलेला अर्थ आता कापडातही उरला नाही, याची साधी चर्चासुद्धा झालेली मला आठवत नाही. आपण रंगांवर भांडत होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये सिग्नलवर एक पॉलिएस्टरचा ध्वज घेतला. छपाईत चक्र थोडं लंबगोल झालंय. आरे मोजले, 24 च आहेत.