तरतमभावाचे अध्यापन : ‘डिग्री’बदलाच्या स्वाध्यायाची चिकित्सा

मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी पदवीच्या वर्गातही ‘राम इज टॉल दॅन श्याम’ असे लिहितो आणि चूक दाखविली की ‘मोअर टॉलर’ लिहू लागतो. याचे खापर सामान्यतः पाठांतराच्या अभावावर फोडले जाते. वस्तुतः ‘टॉल, टॉलर, टॉलेस्ट’ ही त्रयी त्याला मुखोद्गत असते. दोष अन्यत्र आहे.

मराठीत तुलनेचा भार विशेषणावर पडत नाही. ‘राम श्यामपेक्षा उंच आहे’ या वाक्यात ‘उंच’ हे विशेषण जसेच्या तसे राहते. तुलना दर्शविते ते ‘श्याम’ला जोडलेले ‘पेक्षा’ हे शब्दयोगी अव्यय. ‘अधिक’ हा शब्द ऐच्छिक असतो. इंग्रजीत मात्र ‘दॅन’ असूनही विशेषणाचे रूप बदलावेच लागते. त्यामुळे ‘टॉल दॅन’ हा निष्काळजीपणा नसून मराठी वाक्यरचनेशी राखलेली निष्ठा होय. ‘सीनिअर दॅन’ हीदेखील त्याच ‘पेक्षा’ची उपज.

‘मोअर टॉलर’ला हसण्याचेही कारण नाही. ‘श्रेष्ठ’, ‘ज्येष्ठ’, ‘कनिष्ठ’ ही संस्कृत रूपे मूळची तमभावाचीच. त्यांतील ‘इष्ठ’ आणि इंग्रजीतील ‘एस्ट’ हे प्रत्यय एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेले आहेत. मराठीत त्यांचा तमभाव झिजला, म्हणून ‘सर्वश्रेष्ठ’, ‘श्रेष्ठतम’ असे दुहेरी शब्द प्राध्यापकवर्गही निःशंकपणे वापरतो. (‘कनिष्ठ महाविद्यालय’ म्हणताना आपण तमभावाचे रूप तरभावासाठी वापरतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.) शेक्सपिअरच्या नाटकांतही अशी दुहेरी रूपे आढळतात.

अधिक गंभीर आक्षेप आहे तो ‘डिग्री’ बदलण्याच्या स्वाध्यायावर. रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातून अनेक पिढ्यांना परिचित असलेला हा स्वाध्याय, अर्थ कायम राहून केवळ रूप बदलते, असे गृहीत धरतो. ‘वन ऑफ द बिगेस्ट सिटीज’ याचे ‘बिगर दॅन मोस्ट अदर सिटीज’ हे रूपांतर बरोबर मानले जाते. परंतु दहा शहरांत पाचव्या क्रमांकाचे शहर उरलेल्या नवांपैकी पाचांहून मोठे असते. ‘मोस्ट’ची अट तेथे पूर्ण होते. अशा मधल्या शहराची गणना सर्वांत मोठ्या शहरांत कोण करील? शिवाय ‘टॉल’ ही पहिली पायरी आणि ‘टॉलर’ ही दुसरी, या मांडणीमुळे राम ‘टॉलर’ म्हणजे उंचच, असा समज दृढ होतो. प्रत्यक्षात राम आणि श्याम दोघेही ठेंगणे असू शकतात. अर्थाकडे पाहण्याची गरज न ठेवता गुण मिळवून देणारा स्वाध्याय परीक्षकाला सोयीचा असतो. भाषा मात्र त्यातून हाती लागत नाही.

अध्यापनाचा प्रारंभ त्रयीच्या तक्त्याऐवजी ‘पेक्षा’ असलेल्या मराठी वाक्यापासून व्हावा. विशेषणाला प्रत्यय लागतो ही कल्पना विद्यार्थ्याला सर्वस्वी नवी नाही. गणितातील ‘लघुतम साधारण विभाज्य’ त्याने शाळेतच सोडविलेला असतो. त्यानंतर एसटीच्या दोन गाड्यांचे भाडे आणि प्रवासाचा वेळ समोर ठेवून कोणती गाडी पत्करावी, हे त्याला इंग्रजीत लिहावयास सांगावे. स्वस्त गाडी धिमी असेल, तर ‘चीपर’ आणि ‘स्लोअर’ ही दोन्ही रूपे त्याला एकाच वाक्यात वापरावी लागतील आणि निवडीचे कारणही द्यावे लागेल.