कर्णाची दोन मातृनामे

कर्णाविषयी मराठीत जे विपुल लेखन झाले, त्यातील दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकाचे नाव ‘कौंतेय’ (१९५३), तर रणजित देसाईंच्या कादंबरीचे ‘राधेय’ (१९७३). नायक एकच, माता मात्र दोन. ही दोन्ही नामे ढक् या एकाच अपत्यवाचक तद्धित प्रत्ययाने सिद्ध होतात; त्यामुळे माता जन्मदात्री की पालनकर्ती, हे नामाच्या रूपावरून कळत नाही. कोणते नाम कोणी, केव्हा आणि कोणासमक्ष उच्चारले, यावरच त्याचा अर्थ ठरतो.

कुंतीने सत्य लपविले आणि अज्ञानामुळे कर्णाचा नाश झाला, असा सर्वसाधारण समज आहे. महाभारताची संहिता त्याला पुरता आधार देत नाही. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला जन्मवृत्त सांगतो, तेव्हा हे सर्व आपणांस ठाऊक आहे, असेच कर्ण म्हणतो. मूल सूताच्या घरी वाढत असल्याचे कुंतीलाही हेरांकडून समजले होते, असे वनपर्व सांगते. तात्पर्य, उणीव माहितीची नव्हती. मातेने सर्वांसमक्ष केलेल्या स्वीकाराची होती. शस्त्रकौशल्य दाखविण्याच्या रंगांगणात कुंती मूर्च्छेतून सावध झाली, तरी कृपाचार्यांच्या कुलविषयक प्रश्नाच्या वेळी ती गप्पच राहिली. त्याच रंगांगणात वृद्ध अधिरथ काठी टेकीत, कापत आला आणि त्याने कर्णाला पुत्र म्हणून हाक मारली.

युद्धाच्या तोंडावर कुंती गंगातीरी जाते आणि कर्णाचा जप संपेपर्यंत त्याच्याच उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. तो स्वतःला राधेय आणि आधिरथी म्हणवून तिला वंदन करतो. ती तत्काळ त्याची दुरुस्ती करते : तो राधेय नव्हे, कौंतेय होय. तिच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही; भावाभावांनी एकमेकांस मारू नये, एवढेच तिला हवे आहे. परंतु ज्या नामाची कर्णाला एके काळी गरज होती, ते आता तिची गरज म्हणून येते, आणि मागणीसह येते. मातेचे कर्तव्य पूर्वी केले नाहीस, आता स्वहितासाठी उपदेश करतेस, हे कर्णाचे उत्तर म्हणूनच अचूक आहे. तरीही अर्जुनाखेरीज इतरांना न मारण्याचे आणि पाच पुत्र उरतील याचे वचन तो देतो.

येथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ‘कुंती’ हे नामही दत्तविधानातून आलेले आहे. शूराची कन्या पृथा, पित्याने निपुत्रिक कुंतिभोजाला दिलेला शब्द पाळला म्हणून, बालपणीच परक्या घरी गेली. चेंडू खेळण्याच्या वयात आपणांस देऊन टाकले, हा सल ती उद्योगपर्वातच कृष्णाजवळ बोलून दाखविते. शूराला शब्द राखावयाचा होता, कुंतीला कुल राखावयाचे होते. दोघांच्याही सद्हेतूची किंमत अपत्याने दिली.

हा वारसा कर्णापाशीही थांबत नाही. आपण ज्येष्ठ पांडव आहोत हे युधिष्ठिराला कळल्यास तो राज्य स्वीकारणार नाही, म्हणून ही गोष्ट गुप्त ठेवावी, अशी विनंती तो कृष्णाला करतो. ज्याच्यापासून त्याचे स्थान लपविले गेले, तोच आता धाकट्या भावाच्या हितासाठी त्याच्यापासून सत्य लपवितो. परिणाम असा, की बंधुवध घडून गेल्यावर, मृतांना जलदान करण्याच्या वेळी, कुंतीच्या तोंडून युधिष्ठिराला ते ऐकावे लागते.

पुढे शांतिपर्वात युधिष्ठिर समस्त स्त्रीजातीला शाप देतो, की त्यांच्या मनात गुपित टिकणार नाही. शोकाच्या दृष्टीने हा शाप समजण्यासारखा आहे. निदानाच्या दृष्टीने तो चुकला आहे. हेच गुपित कृष्णानेही राखले होते आणि कर्णानेही. शापात त्यांचा उल्लेख नाही. दोष स्त्रीत्वाचा नव्हता. अपत्याच्या हिताचा निर्णय अपत्याला वगळून घेण्याची जी रीत शूरापासून चालत आली, तिचा तो दोष होता. कर्णाने अखेरपर्यंत राधेय राहणे पसंत केले, कारण ते एकच नाम त्याला वेळेवर आणि कोणत्याही मागणीशिवाय मिळाले होते.