ग्रंथालयाचा फळा आणि देवघेवीची वही

सुरतेत १८४४ साली दुर्गाराम मेहताजी व दादोबा पांडुरंग यांनी मानवधर्मसभा स्थापिली. तेथे उघड वाद चालत. १८४९ साली दादोबांच्याच प्रेरणेने मुंबईत निघालेली परमहंस सभा मात्र गुप्त होती. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि ती मोडली. विचाराला चव्हाटा लागतो, तसा आडोसाही लागतो.

समाजमाध्यमांविषयी आमचे मन द्विधा होते ते यामुळेच. फेसबुकावर आम्ही रमतो आणि मागाहून हळहळतो; पण तो आमचा घरगुती प्रश्न झाला. ग्रंथालयाची गोष्ट निराळी. १८५० साली स्थापन झालेल्या सुरतेच्या अँड्रयूज ग्रंथालयासारख्या संस्थांनी नव्या पुस्तकांचा फळा तेथे लावला, तर आम्हांस आनंदच वाटेल. परंतु वाचकाचे छायाचित्र व त्याने नेलेल्या पुस्तकाचे नाव तेथे झळकविणे, मग ते कौतुकापोटी का असेना, आम्हांस मान्य नाही. दुखणे, कर्ज किंवा धर्माविषयीची शंका घेऊन आलेला मनुष्य पुस्तक मागतो तो ग्रंथपालावर विश्वास ठेवून. उद्या आपले नाव जगापुढे जाईल या धास्तीने तो ते मागेनासाच होईल. फळा खुशाल जगाला दाखवावा. देवघेवीची वही मात्र मिटलेलीच बरी.